घोसाळं आता पडत नाही, सर

सर, तुम्ही गेल्यापासून घोसाळं एकदाही पडलेलं नाही.

हे वाक्य मी आधी तुम्हालाच पाठवणार होते. सवयीने ऑफिसचं चॅट उघडलं, तुमच्या नावावर टिचकी मारली, तर समोर आलं: 'हे खातं बंद करण्यात आलं आहे.' मग आठवलं. तीन आठवडे झाले तरी माझं डोकं अजून जुन्याच वेळापत्रकावर चालतंय.

निखिलने, म्हणजे आपल्या मॅनेजरने, मला दोन कामं दिलीत. शुक्रवारच्या शोकसभेसाठी तुमच्यावर एक-दोन पानं लिहायची, आणि त्याच दिवशी घोसाळ्याचा रिपोर्ट द्यायचा. 'दोन्ही तूच करू शकतेस,' म्हणाला. दोन्ही कामं एकच आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा मलाही नव्हतं.

सभेत तुमच्या घरून काकू असतील, म्हणून थोडं समजावून लिहिते, नाहीतर त्यांना वाटेल आपण ऑफिसात परसबाग केली होती. आपले पाच सर्व्हर. नावं तुम्ही मंडईतून आणलेली: कारलं, दोडका, घोसाळं, पडवळ, भोपळा. गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट या पाच जणांत ठेवलेले. प्रत्येक रिपोर्टच्या तीन प्रती, तिघांकडे, म्हणजे एखादा बंद पडला तरी दोघांकडे राहतात. पाचही जण सतत एकमेकांना विचारत असतात, आहेस ना? दहा सेकंद उत्तर नाही आलं की बाकीचे ठरवतात, हा गेला, आणि त्याचं काम आपसांत वाटून घेतात. यालाच आपण 'पडलं' म्हणायचो. आणि पडायचं ते नेहमी घोसाळंच. आठवड्यातून दोनदा, भर सकाळी, लॅबकडून रिपोर्टांची झुंबड उडालेली असताना. अर्ध्या मिनिटात उठून पुन्हा कामाला लागायचं, साळसूदासारखं. पण तेवढ्यात रांग तुंबायची आणि तासभर सगळ्या लॅबवाल्यांचे फोन.

दहा महिने तुम्ही या एका प्रश्नाच्या मागे होतात. केबल बदलली. डिस्क बदलली. घोसाळं उचलून कपाटातल्या दुसऱ्या खणात ठेवलं. तिथेही ते पडलं. आणि तुम्ही गेलात तशी ते ठणठणीत!

पॅन्ट्रीत कुणीतरी म्हणालं, 'सर जाताना दुखणं सोबत घेऊन गेले बघ.' बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझी अशी सटकली! हातातला कप बेसिनमध्ये आपटला आणि म्हटलं, 'अरे, इंजिनिअर आहात ना तुम्ही? त्या माणसाने जन्मभर कारण विचारलं आणि त्याच्याच नावावर हे असलं खपवताय?' कप फुटला तो वेगळाच. माझे बाबा वर्ध्याला प्राथमिक शाळेत शिकवायचे. सकाळची बुद्धवंदना झाली की आम्हा भावंडांना रोज बजावायचे, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासा. ते काय कप फोडायला शिकवलं होतं का, असं तुम्ही विचारलं असतं.

तुम्हाला आठवतं, मुलाखतीत मी घाबरून बोलून गेले होते, 'पण सर, ते तसं काऊन होते ते तर पाहावं लागन.' बाकीचे दोघं हसू दाबत होते. तुम्ही पेन खाली ठेवून विचारलंत, 'काऊन म्हणजे का?' मी मान हलवली. 'चांगला शब्द आहे. आमच्या पुण्यातल्या 'का'मध्ये जरा भांडण असतं. यात नाही.' तेव्हापासून काही बिघडलं की तुम्ही माझ्या टेबलाशी यायचात आणि खडकीच्या तोंडाने वर्ध्याचा शब्द काढायचात. इतका वाईट उच्चार मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही.

आणि सगळ्याच गोष्टींत काऊन! एकदा स्वारगेटला आपण बसची वाट बघत होतो. पाऊण तास एकही नाही, मग एकदम तीन. मी चिडून चढायला धावले, तुम्ही पहिल्या बसच्या कंडक्टरला धरून बसलात. 'तिन्ही एकदम कशा हो?' तो म्हणाला, 'तुम्हाला बसायचंय का मोजायचंय?' तुम्ही म्हणालात, 'दोन्ही.' मग त्यानेच सांगितलं. पहिली बस उशिरा पोचते, म्हणून तिला जास्त माणसं मिळतात, म्हणून ती आणखी रखडते, आणि मागची रिकामी धावत येऊन तिला गाठते. तुम्ही वाटभर खूष. सर्व्हरवर रांग कशी तुंबते हे मला त्या दिवशी कळलं, तेही तुम्ही एक शब्द न शिकवता.

आता जे टाळतेय ते लिहिते.

तुमचा तो फॉर्म. काही बिघडलं की भरायचा, चार रकान्यांचा. काय झालं. कोणाच्या हातून झालं. त्याला त्या वेळी काय दिसत होतं. पुढे काय करायचं. बाकीच्या कंपन्यांत हल्ली नाव घालत नाहीत. तुम्ही घालायचात. तिसरा रकाना तुमचा लाडका होता. तुम्ही म्हणायचात, चूक करणारा वेडा नसतो, त्या क्षणी त्याला काहीतरी वेगळं दिसत असतं, ते कळलं पाहिजे.

गेल्या वर्षी माझ्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक सरावाच्या सर्व्हरची, एक भोपळ्याची. सगळं पुसून टाकायची कमांड मी सरावाच्या समजून भोपळ्याला दिली. चालता सर्व्हर कोरा! तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, चहा मागवलात आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्यांकडच्या प्रती घेऊन आपण भोपळा पुन्हा भरला. एकही रिपोर्ट हरवला नाही. तुम्ही चकार शब्दाने रागावला नाहीत. त्या दिवशी तुमच्याबद्दल मला काय वाटलं ते मी कधी बोलले नाही. आमच्या घरापासून इतक्या लांब या शहरात मला माझं माणूस मिळालं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरून आणला. दुसरा रकाना कोरा सोडून.

'इथे नाव,' तुम्ही म्हणालात.

'कशाला? सगळ्यांना माहितीये.'

'आपल्याला माहितीये. दोन वर्षांनी जो येईल त्याला कोणाला विचारायचं ते कसं कळणार? नाव शिक्षेसाठी नाही, विचारण्यासाठी आहे.'

'सर, तुम्हाला ती शिक्षा वाटत नाही, कारण तुमचं नाव कधी आलंच नाही. माझ्या आडनावाकडे इथे लोक आधीच दोनदा बघतात. एकदा त्या रकान्यात ते बसलं की तिथेच राहील.'

'आपण जरा अतिशयोक्ती करताय,' तुम्ही म्हणालात. तुम्ही मला 'आपण' म्हणालात की पारा चढलाय हे समजायचं. मी नाव लिहिलं. इतकं दाबून की कागद फाटला.

तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं, दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं, मला फरक दिसला नाही. ते वाचून तुम्ही त्याच दिवशी चालत्या सर्व्हरच्या खिडक्या लाल करून टाकल्यात. त्या लाल रंगाने पुढे निदान दोघांना वाचवलं, त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे तुमचं खरं होतं. आणि वार्षिक आढाव्यात निखिलने माझं नाव असलेला तोच कागद समोर ठेवला, 'भोपळ्याचं ते झालं ना, सो धिस इयर नको,' म्हणाला, आणि माझं प्रमोशन गेलं. म्हणजे माझंही खरं होतं.

तुम्ही हे ऐकलंत. त्यानंतर मी तुमच्याबरोबर डबा खाणं सोडलं. कामाचं तेवढं बोलायचं. एकदा तुम्ही दोन चहा घेऊन आलात आणि उभ्याउभ्या म्हणालात, 'त्या नावाच्या गोष्टीचा मी विचार करतोय.'

'करा,' मी म्हटलं. मान वर केली नाही.

'झाला की सांगतो.'

'सांगा.'

दहा महिने झाले, सर. विचार झाला होता का? काय ठरलं होतं? मला खरंच जाणून घ्यायचंय. तुमचं हृदय का थांबलं ते डॉक्टरांनी काकूंना नीट समजावलं, काकूंनी मला समजावलं. ते कळलं. हे मात्र कळायला कुठे मार्ग नाही.

असो. घोसाळं. मी कागद घेतला आणि तुम्ही शिकवलंत तसं लिहिलं: बरं होण्याआधी काय बदललं? रिपोर्टांची गर्दी तेवढीच. सॉफ्टवेअर तेच. यंत्र तेच. त्या आठवड्यात बदल एकच, तुम्ही नव्हतात. हे लिहिताना माझीच मला लाज वाटली. पॅन्ट्रीतल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? पण खोडलं नाही. तुमच्याबरोबर आणखी काय गेलं, असं स्वतःला विचारलं. टेबल गेलं, पार्किंगची जागा गेली, डबा गेला. आणि खातं गेलं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी नियमाप्रमाणे तुमचं खातं बंद केलं होतं.

मग पाचही सर्व्हरवर शोधलं, तुमच्या खात्याने काय काय चालत होतं. कारल्यावर काही नाही. दोडका, पडवळ, भोपळा, काही नाही. घोसाळ्यावर एक छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. नाव: घोसाळं-काऊन.

मी पाच मिनिटं नुसती त्या नावाकडे बघत बसले. दहा महिने तुमच्याशी धड बोलले नाही, आणि तुम्ही माझा शब्द तिथे ठेवला होता.

चाळीस ओळी. वाचल्या. पुन्हा वाचल्या, आणि अहो सर, मी मोठ्याने हसले! सगळा मजला माझ्याकडे बघायला लागला. घोसाळं मुळात अधूनमधून दोन-तीन सेकंद अडखळायचं. कुणाच्या लक्षातही येत नसे, बाकीचे दहा सेकंद वाट बघतातच. तुमच्या लक्षात आलं. ते का अडखळतं हे पकडायला तुम्ही ही स्क्रिप्ट लावलीत: दोन सेकंद गप्प राहिलं की त्या क्षणी त्याच्या सगळ्या मेमरीचा फोटो काढायचा, म्हणजे ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची. आणि फोटो निघेपर्यंत घोसाळं हलू शकत नव्हतं! सरावाच्या सर्व्हरवर लावून बघितलं. चौतीस सेकंद. बाकीचे चौघं दहा सेकंद थांबणार आणि जाहीर करणार, गेलं. म्हणजे दोन सेकंदांची ठेच होती, तिचं आपण पडणं केलं. खण बदलला तरी पडायचं, कारण स्क्रिप्ट त्याच्याबरोबर जायची. आणि घोसाळंच का? कारण तुम्ही फक्त त्याच्यावरच डोळा ठेवून होतात. तुम्ही समजत असणार, पडलं म्हणून फोटो निघाला. ते फोटो काढला म्हणून पडत होतं.

हसता हसता रडू आलं. तुम्हाला सांगता आलं असतं तर तुम्ही टेबल बडवलं असतंत. स्वतःची फजिती तुमच्याइतकी आवडीने ऐकणारा माणूस मी पाहिला नाही.

स्क्रिप्टच्या खाली नेहमीची नोंद होती. लिहिणारे: हेमंत. पास करणारी: वंदना. आपल्याकडे दुसऱ्याने वाचून पास केल्याशिवाय काहीच सर्व्हरवर चढत नाही. दहा महिन्यांपूर्वी तुम्ही ती अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठवली होती. मी अकरा वाजून अकरा मिनिटांनी पास केली. एका मिनिटात चाळीस ओळी वाचून होत नाहीत; मी तर नावही पाहिलं नव्हतं. मी स्क्रीन बंद केला आणि मनाशी म्हटलं, त्यात काय, सगळेच असं करतात.

निखिलला कारण सांगितलं. तो म्हणाला, 'वंदना, नाव नको घालूस. गेलेल्या माणसाचं नाव कशाला? जुना सॉफ्टवेअर इश्यू लिही आणि क्लोज कर.' मी भडकले. 'माझं चाललं होतं, ना? मी जिवंत होते म्हणून?' पण खरं सांगू? जागेवर येऊन बसले तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तुमचं नाव नाही, तर माझंही नाही. यंदा पुन्हा आढावा आहे. पुन्हा तोच रकाना, तेच आडनाव, आणि या वेळी दहा महिने लॅबवाल्यांनी खाल्लेली डोकी माझ्या खाती.

ठरेना, म्हणून रविवारी खडकीला काकूंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे तुमच्याबद्दलचं सगळं. माझ्याबद्दलचं गाळलं. विचारलं, 'सरांचं नाव घालू का?'

काकू भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, 'घाला की. घरात मीठ जास्त पडलं तरी कोणाच्या हातून पडलं आणि तेव्हा लक्ष कुठे होतं, हे विचारायचे. दोघंच असतो घरात! आणि आता स्वतःची सुटका करून घेतात होय?' मग जरा वेळाने म्हणाल्या, 'पण दहा महिने मजेत होते हो. वैतागायचे, ताटावरून उठून जायचे, पण मजेत. काय ते घोसाळं घोसाळं.' आणि कपाटातून एक वही आणून माझ्या हातात दिली. 'ही तुमचीच. मला यातलं ओ की ठो कळत नाही.'

वही मी तिथेच उघडली. घोसाळ्यावरच्या संशयितांची यादी. एकेक खोडलेला, पुढे कारण. केबल: नाही, बदलून पाहिली. डिस्क: नाही, नवी घातली. घड्याळ: नाही, पाचही जुळतात. खण: नाही. आणि पान उलटल्यावर, तुमच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात:

'माझी स्क्रिप्ट: नाही. वंदनाने वाचून पास केली आहे.'

बाकी सगळं तुम्ही स्वतः तपासून खोडलं होतं. हे एकच तुम्ही न तपासता खोडलंत.

काकूंनी विचारलं, 'काय झालं हो?' मग त्यांना उरलेलंही सांगितलं. त्यांनी निवडलेली भाजी बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

सर, तुमच्याशी धड न बोलणाऱ्या, मान वर न करणाऱ्या माझ्यावर तुम्ही इतका भरवसा कसा ठेवलात? मला तुमचा राग यायचा तो तुम्हाला दिसत होता. त्या रागापायी मी कामात हयगय करीन, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. माझं नाव दाबून लिहायला लावणारे तुम्ही, आणि माझं नाव दिसलं म्हणून डोळे मिटून निर्धास्त होणारेही तुम्हीच. हे मला आधी कळलं असतं तर मी त्या दिवशी तो चहा घेतला असता. त्या नावाच्या गोष्टीवर अजून मी तुमच्याशी सहमत नाही. आढाव्यात तो कागद वापरला गेला, ते चूक होतं, आणि ते तुम्ही निखिलला तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं असेलही. मी विचारलं नाही.

घोसाळं अजून अडखळतं बरं का. दोन सेकंद, कधी तीन. का, ते माहीत नाही. शोधतेय, फोटो न काढता.

फॉर्म आज सकाळी भरला आणि निखिलसकट सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या रकान्यात दोन नावं आहेत, एकाखाली एक, आडनावांसकट. तिसऱ्या रकान्यात तुमच्या नावापुढे मी माझं काही घातलं नाही, तुमच्या वहीतलं वाक्य आहे तसं उतरवलं: 'वंदनाने वाचून पास केली आहे.'

त्याखाली माझ्या नावापुढे लिहिलं: वाचली नव्हती.